लेझरडिस्कवरचे जुने अ‍ॅनिमे जमवायचे आहेत? पहिल्या डिस्कपूर्वी वाचावे असे काही

नोकरीनिमित्त पुण्याहून तोक्योला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून सात लेझरडिस्क घरी आणल्या. त्या वेळी माझ्याकडे त्या लावण्यासाठी यंत्र नव्हते. यंत्र मिळायला चार महिने गेले आणि मिळाल्यावर कळले की सातपैकी तीन डिस्क खराब झालेल्या होत्या. दुकानाची परत घेण्याची मुदत मात्र पहिल्या आठवड्यातच संपलेली होती. पैशांपेक्षा मला जास्त वाईट वाटले ते या गोष्टीचे, की थोडी माहिती असती तर ही चूक टाळता आली असती. ती माहिती मराठीत कोठेही एकत्र सापडली नाही, म्हणून ती येथे क्रमाने मांडत आहे. हा लेख मुख्यतः जपानमध्ये राहणाऱ्या किंवा जपानमधून माल मागवणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

१. कोणती वस्तू आपण जमवणार आहोत, हे आधी समजून घ्या

लेझरडिस्क, म्हणजे बोलीभाषेत एलडी, ही ३० सेंटीमीटर व्यासाची, ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी चकाकती डिस्क असते. ती अमेरिकेत डिसेंबर १९७८ मध्ये विक्रीला आली आणि जपानमध्ये पायोनिअर कंपनीने १९८१ मध्ये आणली. डिस्क दिसायला मोठ्या सीडीसारखी असली तरी तिच्यावरचे चित्र डिजिटल नसून अ‍ॅनालॉग असते. आवाज सुरुवातीच्या काळात केवळ अ‍ॅनालॉग होता आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच डिस्कवर डिजिटल आवाजही येऊ लागला. व्हीएचएस कॅसेटमध्ये चित्राची आडवी स्पष्टता सुमारे २४० रेषांची असे, तर एलडीवर ती ४०० च्या वर जाते. शिवाय फीत घासून चित्र झिजण्याचा प्रश्न येथे नाही, कारण डिस्कला फक्त प्रकाशकिरण स्पर्श करतो.

डिस्कचे दोन प्रकार असतात आणि हा फरक अ‍ॅनिमेच्या संग्राहकाने नीट लक्षात ठेवावा. सीएव्ही प्रकारात डिस्क मिनिटाला १,८०० फेऱ्या या ठराविक वेगाने फिरते, एका फेरीत चित्राची एक चौकट येते आणि एका बाजूवर ३० मिनिटे, म्हणजे ५४,००० चौकटी मावतात. सीएलव्ही प्रकारात किरण आतून बाहेर सरकत जातो तसा डिस्कचा वेग कमी होत जातो आणि एका बाजूवर ६० मिनिटे मावतात. सीएव्ही डिस्क कोणत्याही चौकटीवर स्थिर थांबवता येते, म्हणून ज्यांना रेखाटन एकेका चित्रागणिक अभ्यासायचे होते त्या रसिकांची तिला पसंती असे. सीएलव्ही डिस्क थांबवायची तर चौकट स्मृतीत साठवू शकणारे यंत्र लागते. जाकिटाच्या, म्हणजे डिस्कच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाच्या, मागच्या बाजूला प्रकार छापलेला असतो, तो वाचूनच पैसे द्यावेत.

अ‍ॅनिमे आणि एलडी यांचे नाते इतके घट्ट होण्याचे कारण ओव्हीए आहे, म्हणजे दूरदर्शनवर किंवा चित्रपटगृहात न दाखवता थेट विक्रीसाठी बनवलेली मालिका. १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘डॅलोस’पासून हा प्रकार सुरू झाला असे मानले जाते. पुढे १९८७ ते १९९१ दरम्यान आलेली ‘बबलगम क्रायसिस’ किंवा १९८८-८९ मधली ‘टॉप ओ नेराए’, म्हणजेच ‘गनबस्टर’, अशा मालिकांचे भाग साधारण अर्ध्या-पाऊण तासाचे असत आणि रसिक ते संग्रहासाठीच विकत घेत. दूरदर्शन मालिकांचे मोठे संचही निघाले. ‘उरुसेई यात्सुरा’चा १९८७ चा संच ५० डिस्कचा होता आणि त्याची किंमत ३,३०,००० येन होती. त्या काळी एवढी रक्कम एका मालिकेसाठी मोजणारे लोक होते, म्हणूनच आज हे संच जुन्या बाजारात इतक्या जपलेल्या अवस्थेत सापडतात.

२. यंत्र आधी घ्या, डिस्क नंतर

माझ्या चुकीवरून सांगायचा हा सर्वांत मोठा धडा आहे. यंत्र नसेल तर डिस्क तपासता येत नाही, आणि न तपासलेली डिस्क म्हणजे नुसते जाकीट.

नवे यंत्र आता कोठेही मिळणार नाही. पायोनिअरने जानेवारी २००९ मध्ये उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, त्या वेळी शेवटची सुमारे ३,००० यंत्रे बनवायची बाकी होती. म्हणजे बाजारातले सर्वांत तरुण यंत्रसुद्धा आता दीड दशकाहून जुने आहे. नवख्या माणसाने डीव्हीडी आणि एलडी दोन्ही वाचणाऱ्या डीव्हीएल मालिकेतले, उदाहरणार्थ डीव्हीएल-९१९, किंवा १९९० च्या दशकातले सीएलडी मालिकेतले यंत्र शोधावे. अगदी सुरुवातीच्या यंत्रांत हेलियम-निऑन वायूचा लेझर असे. ती यंत्रे पाहायला सुंदर असली तरी त्यांची नळी कालांतराने निकामी होते, म्हणून वापरासाठी ती घेऊ नयेत.

यंत्र दोन्ही बाजू आपोआप वाचणारे आहे की एकच, हे विचारून घ्या. एकच बाजू वाचणाऱ्या यंत्रात डिस्क हाताने उलटावी लागते. त्यात कमीपणा काही नाही, उलट बाजू बदलणारी यांत्रिक रचना नसल्यामुळे बिघडायला एक गोष्ट कमी असते.

जपानी दुकानांत ‘जंकु’ अशी चिठ्ठी लावलेली यंत्रे अतिशय स्वस्त मिळतात. त्याचा अर्थ, चालण्याची कोणतीही हमी नाही. मी असे एक यंत्र घेतले होते. बटण दाबले की आतून मोटरचा घूं असा आवाज येई, पण ट्रे तसूभरही हलत नसे. झाकण उघडल्यावर दिसले की ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल होऊन चिक्कीच्या पाकासारखा कप्पीला चिकटला होता. तो खरवडून काढायला एक संध्याकाळ गेली आणि नवा पट्टा बसवल्यावर यंत्र चालू लागले. पट्टा हा सर्वांत सोपा बिघाड आहे. लेझरचा डोळाच कमजोर झाला असेल तर मात्र दुरुस्ती करणारे कारागीर फार थोडे उरले आहेत आणि सुटा भाग दुसऱ्या यंत्रातूनच काढावा लागतो. म्हणून पहिले यंत्र ‘दोसा काकुनिन-झुमि’, म्हणजे चालवून पाहिलेले, असेच घ्यावे, मग त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

३. जोडणीचे सामान आणि कागदपत्रे

सामान फारसे लागत नाही, पण प्रत्येक वस्तूमागे कारण आहे.

• पिवळी-पांढरी-लाल पिन असलेली चांगली केबल. एलडीवरचे चित्र मुळातच कंपोझिट स्वरूपात, म्हणजे रंग आणि उजळपणा एकाच संकेतात मिसळून, नोंदलेले असते, त्यामुळे पिवळी पिन ही येथे हलकी जोडणी ठरत नाही. एस-व्हिडिओ वापरल्यास रंग आणि उजळपणा वेगळे करण्याचे काम यंत्र करते, कंपोझिट वापरल्यास ते काम टीव्ही करतो. दोघांपैकी जो हे काम चांगले करतो त्याच्यावर ते सोपवावे, आणि त्यासाठी दोन्ही जोडण्या लावून पाहाव्यात.
• नव्या टीव्हीला पिवळी पिन नसल्यास एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेतली जुनी टीव्ही-संकेत पद्धत, समजणारा परिवर्तक. टीव्हीत चित्राचे प्रमाण ४:३ ठेवायला विसरू नका, नाहीतर सगळी पात्रे रुंद दिसतात.
• भारतात वापरणार असाल तर २३० व्होल्टवरून १०० व्होल्टवर आणणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, किमान १५० ते २०० वॉटचा. जपानी यंत्र भिंतीतल्या प्लगला थेट लावल्यास ते जळते.
• धूळ पुसण्यासाठी मऊ मायक्रोफायबर कापड, डिस्टिल्ड पाणी आणि एक चांगला टॉर्च.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. जपानमध्ये दुकानातून विकत घेताना ओळखपत्र लागत नाही, पण नको असलेल्या डिस्क दुकानाला विकायच्या असतील तर जुन्या वस्तूंच्या व्यापाराच्या कायद्यानुसार तुमची ओळख नोंदवली जाते, म्हणून झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, जवळ ठेवा. भारतात कुरिअरने मागवताना केवायसीसाठी पॅन किंवा आधार आणि खरेदीची पावती लागते. पावतीवर किंमत कमी दाखवण्याची विनंती विक्रेत्याला करू नका, कारण पार्सल अडकले तर खरी किंमत सिद्ध करणे तुमच्यावर येते. जुन्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या आयातीचे नियम डिस्कच्या नियमांहून वेगळे आणि कडक असतात, तेव्हा यंत्र पाठवण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडे चौकशी करावी.

४. जाहिरातीची भाषा शिका

तोक्योत नाकानो ब्रॉडवेमधील मानदाराके हे जुन्या वस्तूंचे दुकान, अकिहाबाराच्या गल्ल्या आणि उपनगरांतली हार्ड-ऑफची दुकाने या पायी फिरण्याच्या जागा. घरबसल्या घ्यायचे तर याहू लिलाव आणि मेरुकारी ही संकेतस्थळे. भारतातून घेणाऱ्याला मध्यस्थ सेवेमार्फत बोली लावावी लागते आणि तिचे शुल्क, जपानातला टपालखर्च व परदेशी टपालखर्च हे तिन्ही मिळून डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतात. एका डिस्कचे वजन साधारण पाव किलो धरले तर दहा डिस्कचे पार्सल जाकिटे आणि खोक्यासह तीन-चार किलोंवर जाते. म्हणून एकेक डिस्क न मागवता मध्यस्थाच्या गोदामात पाच-दहा साठवून एकत्र मागवा.

काही शब्द ओळखता आलेच पाहिजेत. ‘ओबि’ म्हणजे जाकिटाभोवती गुंडाळलेली कागदी पट्टी, आणि ‘ओबि-त्सुकि’ म्हणजे ती पट्टी शाबूत आहे. ‘शोकाइ-गेन्तेइ’ म्हणजे पहिल्या आवृत्तीपुरती मर्यादित, ज्यात पुस्तिका किंवा चित्रपत्रे असू शकतात, आणि ती हरवलेली आहेत का हे विचारावे लागते. ‘मिहोन-बान’ म्हणजे प्रसिद्धीसाठी वाटलेली प्रत. ‘मि-काकुनिन’ म्हणजे विक्रेत्याने लावून पाहिलेली नाही. आणि ‘नो कुरेमु, नो रितान’ असे लिहिले असेल तर तक्रार आणि परतावा दोन्ही बंद. हे शेवटचे दोन शब्दप्रयोग एकाच जाहिरातीत दिसले तर किंमत कितीही आकर्षक असली तरी नवख्याने ती वस्तू सोडून पुढे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीतले आणखी काही सापळे येथेच सांगून टाकतो. जपानमध्ये १९८३ साली व्हीएचडी नावाचा एक प्रतिस्पर्धी प्रकार निघाला होता आणि त्यावरही अ‍ॅनिमे आले. त्याची डिस्क आकाराने लहान आणि कायम प्लॅस्टिकच्या चपट्या पेटीत बंद असते, आणि ती एलडी यंत्रात चालत नाही. छायाचित्रात फक्त चित्रमुखपृष्ठ दिसत असेल तर हा घोळ सहज होतो. दुसरा सापळा ‘हाय-व्हिजन’, म्हणजे जपानची जुनी उच्च-स्पष्टता पद्धत, असे लिहिलेल्या डिस्कचा आहे. त्यांना खास यंत्र आणि डिकोडर लागतो. तिसरा सापळा ठोक गठ्ठ्यांचा, कारण ५० डिस्कच्या गठ्ठ्यात ३० कराओकेच्या निघू शकतात.

अमेरिकन आवृत्त्यांविषयीही विचारणा होते. एलडीला विभागबंदी नसते आणि जपान व अमेरिका दोन्हीकडे एनटीएससी असल्याने त्या जपानी यंत्रावर चालतात. काही अमेरिकन आवृत्त्यांत डिजिटल ध्वनिमार्गावर जपानी आणि अ‍ॅनालॉग ध्वनिमार्गावर इंग्रजी आवाज दिलेला असतो, ज्यांना जपानी येत नाही त्यांना ही मोठी सोय आहे. परंतु त्यांतील उपशीर्षके कित्येकदा क्लोज्ड कॅप्शन स्वरूपात लपलेली असतात. ती उलगडणारा डिकोडर अमेरिकन टीव्हीत असे, भारतातल्या किंवा जपानमधल्या टीव्हीत तो असेलच असे नाही, आणि एचडीएमआय परिवर्तकातून तर ती सहसा पुढे जातच नाहीत. विकत घेण्यापूर्वी उपशीर्षके चित्रावरच छापलेली आहेत की लपलेली, हे पाहा.

५. डिस्क घरी आली की त्याच आठवड्यात दोन्ही बाजू पूर्ण पाहा

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण संग्रहाचे खरे काम हेच आहे.

एलडी म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या आतल्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. चिकटवण्याच्या पदार्थातून किंवा कडेतून हवा आणि ओलावा आत शिरला की अ‍ॅल्युमिनियम गंजू लागते. यालाच ‘लेझर रॉट’ म्हणतात. हा दोष बहुधा कारखान्यातच पेरला गेलेला असतो, त्यामुळे मालकाने कितीही जपले तरी काही डिस्क सडतात आणि काही कपाटात दुर्लक्षित राहूनही निर्मळ राहतात. हाताळताना, उजेडात धरून पाहताना तो बहुतेक वेळा दिसत नाही. जाकीट नव्यासारखे, ओबि शाबूत, पृष्ठभागावर एकही ओरखडा नाही, आणि तरी डिस्क खराब, असे पुष्कळदा घडते.

तो पडद्यावर कसा दिसतो ते सांगतो. माझ्या त्या तीन खराब डिस्कपैकी एकीवर ‘टॉप ओ नेराए’चा शेवटचा भाग होता. हा भाग जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल आहे. अंतराळाच्या काळ्या पार्श्वभूमीवर मला लाल, निळे आणि हिरवे बारीक ठिपके क्षणभर चमकून विझताना दिसू लागले, कोणी मूठभर रांगोळी उधळावी तसे. सुरुवातीला ते तुरळक होते, बाजू संपत आली तसे दाट झाले आणि आवाजातही चरचर उमटली. रंगीत, उजळ दृश्यात हेच ठिपके डोळ्यांना चटकन जाणवले नसते. म्हणून तपासणीसाठी नेहमी अंधारी, रात्रीची किंवा कृष्णधवल दृश्ये निवडा, आणि फक्त सुरुवात न पाहता प्रत्येक बाजूचा शेवटही पाहा, कारण एलडी आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरची कड अनेकदा आधी बिघडते.

दोष डिस्कचाच आहे हे ठरवण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी वगळाव्यात. पहिली गोष्ट घाण. बोटाच्या ठशाने किंवा धुळीने येणारा अडथळा प्रत्येक वेळी त्याच जागी येतो आणि पुसल्यावर कमी होतो. दुसरी गोष्ट वाकलेली डिस्क. तिच्यामुळे ठिपके येत नाहीत, शेजारच्या मार्गाचे (ट्रॅकचे) चित्र मिसळून चित्रावर तिरप्या सरकत्या लाटा दिसतात. तिसरी गोष्ट यंत्र. त्यासाठी एक निर्दोष असल्याची खात्री असलेली डिस्क कायम बाजूला ठेवावी आणि शंका आली की तीच लावून पाहावी. तीही बिघडलेली दिसली तर डिस्क विकणाऱ्याला पत्र लिहिण्याआधी यंत्राचा डोळा साफ करून घ्या.

तपासणीची एक वही ठेवा. मी प्रत्येक डिस्कसाठी जाकिटावरचा क्रमांक, दोन्ही बाजूंच्या आतल्या कड्यावर कोरलेली बारीक अक्षरे, पाहिल्याची तारीख आणि ठिपक्यांची शून्य ते पाच अशी श्रेणी लिहितो. आतल्या कड्यावरची अक्षरे टॉर्च तिरपा धरल्यावर दिसतात आणि एकाच शीर्षकाच्या दोन छपाया वेगळ्या ओळखायला उपयोगी पडतात. दोन-तीन वर्षांनी तीच डिस्क पुन्हा पाहिली की सड वाढते आहे की थांबली आहे, हे वहीवरूनच कळते, आठवणीवरून कळत नाही.

६. साफसफाई आणि साठवण

अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही. सीडीसाठी किंवा टेप हेडसाठी वापरतात ते आयसोप्रोपिल एलडीवर लावल्यास पृष्ठभागावर बारीक तडे जाऊ शकतात. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, कापड ओलसर करून, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून पुसू नये, कारण ओरखडा गेलाच तर तो मार्गाच्या दिशेने जाऊ नये.

डिस्क नेहमी उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचून ठेवल्या की वजनाने वाकतात. ५० डिस्कचा संच जाकिटांसह बारा किलोंहून जड भरतो, तेव्हा फळी भक्कम हवी, आणि जपानमध्ये भूकंपाचा विचार करून हे वजन सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. येथील जूनमधला त्सुयु, म्हणजे पावसाळा, असो किंवा कोकणातला श्रावण, दमट हवेत जाकिटाला बुरशी लागते आणि अ‍ॅक्रिलिक ओलावा शोषते. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या दर महिन्याला बदलाव्यात.

७. भारतात नेताना

यंत्रात डिस्क राहिलेली नाही याची दोनदा खात्री करा, कारण प्रवासात ती सुटून लेझरच्या डोळ्यावर आदळते. बऱ्याच यंत्रांच्या तळाशी वाहतुकीच्या वेळी आतला भाग जखडून ठेवणारा स्क्रू लावण्याची जागा असते. मूळ स्क्रू यंत्रासोबत मिळाला असेल तर तो बसवा, आणि वापरण्यापूर्वी काढायला विसरू नका. डिस्क पुठ्ठ्याच्या दोन कडक तुकड्यांमध्ये, जाकिटातून बाहेर काढून, फक्त आतल्या पिशवीत ठेवा. जाकिटात ठेवून पाठवल्यास धक्क्याने डिस्कची कड जाकिटाची शिवण फाडते. घरी पोचल्यावर यंत्र लगेच सुरू करू नका. विमानाच्या थंड पोटातून मुंबईच्या दमट हवेत आल्यावर आत बाष्प साचते, म्हणून खोके उघडून यंत्र एक दिवस तसेच राहू द्या, मग ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज मीटरने मोजा आणि पहिल्यांदा तुमच्या वहीतली ती खात्रीची डिस्कच लावा.